सात नंबरचा बोर्ड

सर्जनबाईंनी कागद उलटा केला आणि त्यावर हृदय काढलं. ते बटाट्यासारखं दिसायला लागलं तेव्हा त्या स्वतःच हसल्या.

"चित्रकलेत मी पहिल्यापासून ढ. पण टाके चांगले घालते, काळजी करू नका."

मग त्यांनी बटाट्याच्या मधोमध एक लांब उभी रेघ मारली आणि उजव्या कडेला एक छोटीशी आडवी.

"ही लांब रेघ म्हणजे जुनी पद्धत. छातीचं मधलं हाड उघडायचं. आणि ही छोटी, बरगड्यांच्या मधून. चार बोटांचा छेद. झडप दोन्हीकडून सारखीच दुरुस्त होते."

"मग छोटीच," मुलगा म्हणाला. गेले आठ दिवस तो मोबाइलवर हेच वाचत होता. बायकोला वाचून दाखवत होता, ऑफिसात वाचून दाखवत होता. आता सर्जनबाईंनाही दाखवतो की काय, अशी त्याच्या आईला धास्ती होती. "हल्ली सगळे तीच करतात. पाच दिवसांत घरी, तीन आठवड्यांत चालतं-फिरतं."

"खरं आहे. जुन्या पद्धतीत हाड सांधायला तीन महिने. तोवर वजन उचलायचं नाही, बसचे धक्के खायचे नाहीत, घरातल्या घरात राहायचं." सर्जनबाईंनी पेन्सिल ठेवली. "पण आजी, तुमच्या स्कॅनमध्ये एक गोष्ट दिसली. हृदयातून निघणारी जी मोठी नळी, तिच्या आतल्या अंगाला ठिकठिकाणी चुना धरलाय. जुन्या पाइपात धरतो तसा."

"बरं."

"छोट्या छेदात यंत्राची नळी जांघेतून घालावी लागते. म्हणजे रक्त खालून वर, नेहमीच्या उलट दिशेनं ढकललं जातं. त्यात चुन्याचा एखादा कण सुटला तर तो डोक्यात जाऊ शकतो. मग झटका. हात जाईल, बोलणं जाईल. उघडून केलं तर मी नळी बोटानं चाचपून स्वच्छ जागा बघू शकते. धोका तिथंही आहे, पण कमी."

"किती कमी?"

"तुमच्यासारख्या माणसात, माझा अंदाज धरा, उघडून केलं तर शंभरात एखादा. छोट्या छेदानं तीन-चार."

"शंभरात एक. शंभरात तीन-चार," आजी म्हणाल्या.

ऐकलेला आकडा परत म्हणून दाखवायचा, ही त्यांची तीस वर्षांच्या नोकरीची सवय होती. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आपोआप फोन लागायच्या आधीच्या काळात, गावात सहाशे फोन आणि तीन आकडी नंबर होते तेव्हा, त्या सातव्या बोर्डावर बसत. एक्स्चेंजमध्ये बायकांना नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती. बोर्डाचा नंबर हेच नाव. पुढे बोर्ड मोडीत गेला, पण सातबाई हे नाव चिकटलं ते चिकटलंच. नवरा असेपर्यंत तोही घरात 'सातबाई, चहा' असंच म्हणायचा.

"खालून वर म्हणजे बाहेरगावची ट्रंक लाइन उलटी जोडल्यासारखं," सातबाई म्हणाल्या.

"असेल बहुतेक," सर्जनबाई म्हणाल्या. त्यांना ट्रंक लाइन काय ठाऊक असणार! "मंगळवारपर्यंत सांगा. निर्णय तुमचा. मी दोन्ही मनापासून करीन."

बाहेर आल्यावर मुलगा लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिला. "शंभरात सत्त्याण्णव लोकांना काही होत नाही, आई. तू नेमकी त्या तिघांतच कशाला जाशील?"

सातबाई लिफ्टच्या दारावरचे आकडे बघत होत्या. त्यांचं मन केव्हाच छोट्या रेघेवर बसलं होतं. मुलाला वाटत होतं ते त्याच्या सांगण्यावरून. तसं ते नव्हतं. त्यांच्या डोक्यात तीन-चार हा आकडा नव्हताच, तीन महिने हा होता.

कारण आठबाई.

आठबाई शेजारच्या, आठव्या बोर्डावर बसायच्या. त्यांचं लग्न झालं नाही, की त्यांनी केलं नाही, हे एक्स्चेंजला शेवटपर्यंत कळलं नाही; विचारलं की त्या म्हणायच्या, "लाइन एंगेज होती." चार वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. उजवा हात गेला आणि शब्द गेले. समजायचं सगळं, पण तोंडातून एक शब्द फुटायचा नाही. आता त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला भाचीकडे असायच्या. भाची नोकरीवर जायची, दिवसभर एक बाई सांभाळायला.

सातबाई रोज दोन बसगाड्या बदलून चार वाजता तिथं पोचायच्या. पाऊस असो, ऊन असो. हृदयाची झडप गळायला लागल्यापासून जिना चढताना त्यांचा जीव नाकाशी यायचा, तरी.

हे जाणं नुसतं चौकशीचं नव्हतं. शब्द गेले तरी आठबाईंचे नंबर शाबूत होते. हा शोध सातबाईंनीच लावला होता, झटक्यानंतर दोन महिन्यांनी. आठबाई तेव्हा दिवसभर भिंतीकडे तोंड करून असायच्या. डॉक्टर झाले, व्यायाम करून घेणारी मुलगी झाली, सगळे हात टेकून गेले. एक दिवस वैतागून सातबाई म्हणाल्या, "अगं, निदान स्टेशनसमोरच्या घड्याळवाल्याचा नंबर तरी सांग!" आणि आठबाईंनी डाव्या हातानं खुर्चीच्या लाकडी हातावर टकटक केलं. दोन. थांबून तीन. थांबून सात.

दोन तीन सात. अगदी बरोबर.

सातबाई तेव्हा ढसाढसा रडल्या होत्या. सांभाळणारी बाई घाबरून भाचीला फोन लावायला धावली होती.

तेव्हापासून रोज चार वाजता तेच. सातबाई एक पेन्सिल आठबाईंच्या हातात द्यायच्या आणि विचारायच्या. बर्फाचा कारखाना? चार एक दोन. मुलींची शाळा? एक सहा तीन. तो चिडका वकील? आठबाई आधी नाक मुरडायच्या, मग टकटक करायच्या. गाव कधीच बदललं होतं. बर्फाच्या कारखान्याच्या जागी बहुमजली इमारत होती, घड्याळवाल्याचा नातू चष्मे विकत होता. पण चार ते पाच या वेळात ते सगळं जिथल्या तिथं असायचं, आणि सगळ्यांचे दिवे बोर्डावर लुकलुकत असायचे.

तीन महिने गेलं नाही तर? आठबाई हल्ली जेवत कमी होत्या, डुलक्या जास्त घेत होत्या. तीन महिन्यांत त्या पुन्हा भिंतीकडे वळल्या तर त्यांना परत कोण वळवणार होतं?

आणि याशिवाय आणखी एक गोष्ट होती. ती सातबाईंनी अडतीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती.

*

बोर्डावर बसलेल्या ऑपरेटरचं तोंड आणि कान कायम गुंतलेले. शेजारणीशी बोलायचं तर कसं? मागे मोठ्या बाई, म्हणजे सुपरवायझर, फेऱ्या मारत असायच्या, त्यांच्या टाचांचा आवाज ऐकूनच पाठी ताठ व्हायच्या. म्हणून मुलींनी पेन्सिलीची भाषा काढली होती. बोर्डाच्या कडेवर एकदा टक केलं की 'नाही' किंवा 'एंगेज'. दोनदा केलं की 'ठीक आहे, काळजी नको'. तीनदा म्हणजे 'मी उठतेय, माझा बोर्ड बघ'. मग शेजारीण दोनदा टकटक करायची आणि हात लांब करून दोन्ही बोर्डांच्या वायरी सांभाळायची.

मुलगा झाल्यावर सातबाई तिसऱ्या महिन्यात कामावर आल्या. जीव सगळा घरी. सातबाईंचा नवरा खात्यातच लाइनमन असल्यानं घरी फोन होता, पण ऑपरेटरनं आपल्या बोर्डावरून आपलं घर जोडायचं नाही, असा खात्याचा कडक नियम. ज्या हातानं सहाशे घरं जोडायची त्या हातानं स्वतःचं घर तेवढं जोडायचं नाही. दुपारी तीनच्या सुमाराला सातबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागायचं आणि त्या तशाच 'नंबर प्लीज' म्हणत राहायच्या.

एके दिवशी तीन वाजता शेजारून टकटक आली. दोनदा. सातबाईंनी वळून पाहिलं तर आठबाईंच्या बोर्डावरची एक वायर नको त्या भोकात होती, आणि आठबाई गाल फुगवून हसू दाबत होत्या. सातबाईंच्या सासूबाई फोनला भ्यायच्या. रिसीव्हर हातभर लांब धरून इतक्या मोठ्यानं ओरडायच्या, की तो आवाज आठबाईंच्या कानातून बाहेर सातबाईंपर्यंत यायचा.

"झोपलंय! मूल झोपलंय!"

पुढे तीन वर्षं रोज तीन वाजता दोन टकटक. मूल झोपलंय, काळजी नको. सातबाईंनी कधी सांगितलं नाही, आठबाईंनी कधी विचारलं नाही.

मग एके दिवशी मोठ्या बाईंनी मागून येऊन आठव्या बोर्डाच्या लाइनीत स्वतःचा हेडफोन खुपसला. आठबाई तेव्हा "बाळ झोपलं का हो?" म्हणत होत्या.

"हे कुणाचं घर?" मोठ्या बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं.

"माझ्या मावशीचं," आठबाई म्हणाल्या.

पेन्सिली थांबल्या होत्या. सातबाईंच्या हातात एक वायर होती आणि समोर तीन दिवे पेटले होते. आता उठावं, आता सांगावं, असं म्हणता म्हणता त्यांनी पहिला दिवा घेतला. "नंबर प्लीज," त्या म्हणाल्या.

त्या वर्षी मोठ्या बाई निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांची खुर्ची आठबाईंना मिळणार हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. ती पाच नंबरला मिळाली. आठबाई बोर्ड मोडीत निघेपर्यंत आठव्याच बोर्डावर राहिल्या. सातबाई एकदा बोलायला गेल्या तेव्हा त्यांनी नुसतं टेबलावर बोट आपटलं. दोनदा. आणि चहाचा पेला पुढे केला.

तो घोट अजून घशाखाली उतरला नव्हता.

*

"छोटा छेद घेते," त्या दिवशी चार वाजता सातबाई म्हणाल्या. सर्जनबाईंचा कागद त्यांनी आठबाईंच्या मांडीवर पसरला होता. "तीन आठवड्यांत तुझ्यापुढे हजर."

आठबाईंनी बटाट्याकडे पाहिलं, मग लांब रेघेवर डावं बोट ठेवून भुवया उंचावल्या.

"त्याला तीन महिने लागतात. कोण बसणार घरात? म्हणे छोट्यात शंभरात तीन-चारांना झटका येतो. येऊ दे. मुलगा म्हणतो..."

टक.

पेन्सिल एकदाच वाजली. नाही.

"अगं, ऐकून तरी घे. तीन महिने मी आले नाही तर तू..."

टक. या वेळी इतक्या जोरात की शिशाचं टोक तुटून खाली पडलं. आठबाईंचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी डावा हात आपल्या ओठांवर ठेवला, त्या हाताची मूठ केली, आणि उघडून दाखवली. रिकामी. मग निर्जीव पडलेला उजवा हात डाव्या हातानं उचलला आणि सोडून दिला. तो मांडीवर धपकन पडला. सातबाईंकडे त्या अशा काही बघत होत्या, की जणू विचारत होत्या, 'हे हवंय? आपण दोघींनी दोन घरांत भिंतीकडे बघत बसायचं?'

सातबाईंनी कागदाची घडी घातली. आणि मग इतक्या वर्षांचं एकदम वर आलं.

"मी तेव्हा उठले नाही गं. मोठ्या बाईंनी विचारलं तेव्हा. मी उठायला हवं होतं."

आठबाईंनी डोळे मिटले. उघडले. त्यांना राग आला होता की हसू, ते कळत नव्हतं. त्यांनी तुटकी पेन्सिल सातबाईंच्या हातात कोंबली, त्यांची बोटं तिच्याभोवती घट्ट मिटवली आणि तो हात खुर्चीच्या लाकडावर नेऊन ठेवला. वाट बघत राहिल्या.

काय हवं होतं ते सातबाईंना कळलं, पण हात उचलेना. तीस वर्षांत त्यांनी ही खूण हजार वेळा केली असेल, पाणी प्यायला, पदर सारखा करायला, रडू आवरायला. शेवटी त्यांनी पेन्सिल आपटली. एक, दोन, तीन.

मी उठतेय. माझा बोर्ड बघ.

आठबाईंनी डाव्या हाताच्या मुठीनं दोनदा टकटक केलं.

*

"आजी, डोळे उघडा. माझा हात दाबा. आता दुसऱ्या हातानं. छान. हसून दाखवा बघू."

सातबाई हसल्या. छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं वाटत होतं, पण ओठ दोन्हीकडून सारखे वर गेले असावेत, कारण नर्सनं मान डोलावली.

"आता तुमचं नाव सांगा."

"सात नंबर," सातबाई म्हणाल्या.

नर्सचा चेहरा पडला. तिनं पुन्हा विचारलं. सातबाईंनी अधिक स्पष्ट, फोनवरच्या आवाजात सांगितलं, "सात नंबर." तिनं कागदावर काहीतरी खरडलं आणि पळाली. सर्जनबाई आल्या, डोळ्यांत बॅटरी मारून गेल्या, आणि शेवटी बाहेर बाकावर बसलेल्या मुलाला बोलावलं तेव्हा खुलासा झाला. मुलगा हसता हसता रडला. नर्स मात्र दिवसभर सातबाईंशी जरा फुगूनच होती.

चौथ्या दिवशी चार वाजता मुलाचा मोबाइल वाजला. पलीकडे आठबाईंची सांभाळणारी बाई होती. "फोन आजींच्या कानाला लावा. मावशी ऐकत नाहीयेत, दुपारपासून नुसती खुर्ची बडवताहेत."

मुलानं फोन आईच्या कानाशी धरला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. कानात खुर्चीचं लाकूड वाजलं. दोन. तीन. सात.

"घड्याळवाला!" सातबाई म्हणाल्या, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

चार एक दोन. "बर्फाचा कारखाना." एक सहा तीन. "मुलींची शाळा. तिथली शिपाईण फोन उचलून 'कोणी नाही' म्हणायची, आठवतं?" आता आठबाई विचारत होत्या आणि सातबाई सांगत होत्या. बोर्ड तिकडे होता.

मग पाच. एक. चार.

सातबाई थांबल्या. लाकूड पुन्हा वाजलं. पाच, एक, चार.

डोळ्यांपुढे दिवा पेटलेला दिसत होता. बोर्डाच्या वरच्या ओळीत, उजवीकडे. त्याखाली काही लिहिलेलं नव्हतं.

"थांब हं... ओळखीचा आहे. दवाखाना? नाही, दवाखाना पाच एक सहा... पुढचा घे ना."

पुढचा आला नाही. मग सांभाळणाऱ्या बाईचा आवाज आला, उद्या करू म्हणून, आणि फोन बंद झाला.

संध्याकाळच्या फेरीला सर्जनबाईंनी विचारलं, "काही विसरल्यासारखं होतंय का?"

"एक नंबर आठवत नाहीये."

"किती जुना?"

"चाळीस वर्षांचा असेल."

"मला तर माझा नवा नंबर आठवत नाही," सर्जनबाई म्हणाल्या आणि हसत पुढच्या खाटेकडे गेल्या.

सातबाई हसल्या नाहीत. शंभरात एक, त्या मनात म्हणत होत्या. सगळा हात जायला हवा असं कुठे आहे? कण लहान असेल तर तेवढंच नेत असेल. सहाशेतला एक नंबर. उद्या आणखी एक. हळूहळू सगळे दिवे विझतील, आणि आठबाई तिकडे खुर्ची वाजवत बसेल. उशीखालच्या तुटक्या पेन्सिलीला हात लावून त्या पडून राहिल्या. मुलाला त्यांनी यातलं अक्षर सांगितलं नाही.

घरी आल्या. छातीवरची लांब खूण आधी लाल होती, मग तपकिरी व्हायला लागली. सून रोज आंघोळीनंतर तिच्यावर मलम लावायची आणि म्हणायची, "चेनसारखी दिसते हो, आई. ओढली की उघडेल." चार वाजता फोन यायचा. सातबाई एक एक नंबर ओळखायच्या, कधी आठबाईंनाही आठवणार नाही अशी त्या घरातली गंमत सांगायच्या. आणि रोज सगळ्यात शेवटी यायचा पाच एक चार. रोज सातबाई म्हणायच्या, "पुढचा." पुढचा नसायचा. फोन बंद व्हायचा.

जुनी डायरेक्टरी कुठेतरी माळ्यावर होती. ती काढून बघता आली असती. सातबाईंनी मुलाला माळ्यावर चढायला सांगितलं नाही. न आठवणं आणि बघूनही ओळख न पटणं यात फार फरक होता.

सहाव्या आठवड्यात एका सुटीच्या दिवशी मुलगा घरी होता. सातबाईंचा हात फोन धरून अवघडायचा, म्हणून त्यानं आवाज मोठा करून मोबाइल आईच्या पुढ्यात टेबलावर ठेवला आणि शेजारी बसून शेंगा सोलायला लागला. घड्याळवाला झाला, वकील झाला, बर्फ झाला.

पाच. एक. चार.

सातबाईंनी नेहमीसारखं बोलायला तोंड उघडलं.

"अरे, हा तर आपला!" शेंगा सोलता सोलता मुलगा म्हणाला.

"काय आपला?"

"आपला जुना नंबर. लाइनमन क्वार्टर्समधला. पाच एक चार. बालवाडीत पाठ करून घेतला होता की आमच्याकडून, हरवलं तर सांगायचा म्हणून. आजी ओरडायची ना त्या फोनवर, चाळीभर ऐकू जायचं." तो हसला. "तुला नाही आठवत? तुझाच नंबर, आई."

सातबाईंनी टेबलाची कड धरली.

आठवणार कसा? सहाशे नंबर त्यांच्या बोटांतून गेले होते; हा एकच गेला नव्हता. त्यांना तो जोडायला बंदी होती. बोर्डाच्या वरच्या ओळीतला, उजवीकडचा तो दिवा त्यांनी फक्त लांबून, शेजारच्या हाताखाली पेटताना पाहिला होता. पुढे मोठ्या बाईंच्या त्या दिवसानंतर त्यांनी त्या बाजूला बघणंही सोडलं होतं. आणि चार वर्षं त्या आठबाईंना गावातल्या एकूण एक घराचा नंबर विचारत आल्या होत्या, एवढं एक घर सोडून.

काही गेलं नव्हतं. कण नव्हता. सगळे दिवे जागच्या जागी होते.

फोनमधून पुन्हा लाकूड वाजलं. घाई नव्हती त्यात. रोज वाजायचं तसंच. पाच, एक, चार.

सातबाई पुढे वाकल्या. छातीवरची खूण ओढली गेली, पण त्या वाकल्या.

"माझं घर," त्या म्हणाल्या. "पाच एक चार. ते माझं घर होतं. तुझ्या मावशीचं नव्हतं."

पलीकडे खुर्ची करकरली. सांभाळणारी बाई काहीतरी पुटपुटली. मुलाच्या हातात शेंग तशीच राहिली. तो आईकडे बघत होता; तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

मग खुर्चीचं लाकूड वाजलं. दोनदा.

"काय म्हणाल्या गं आठमावशी?" मुलानं विचारलं.

सातबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या, कानशिलं पांढरी झालेली, मांडीवर शेंगांची टरफलं.

"मूल झोपलंय, म्हणते," त्या म्हणाल्या.